अर्धी साखर

अंबडच्या कंपनीत बावीस वर्षं मी
ओतीव लोखंडातल्या भेगा शोधतो.
लाल रंग लावायचा, दहा मिनिटं थांबायचं,
पुसून वर पांढरी पूड मारायची.
तडा असेल तिथून लाल आपोआप वर येतं.
मग खडूनं लिहायचं: ओके. किंवा रीवर्क.
किंवा काहीच न लिहिता भंगाराच्या ट्रॉलीत.

आज दुपारी तीनला, मुंबई नाक्यावरच्या तळघरात
बोरस्ते सिस्टरनं शिशाच्या नळकांड्यातून
माझ्या शिरेत साखर सोडली,
किरण लावलेली.
"निमसे काका, तासभर बोलू नका, हलू नका.
जिथे जळजळ असेल तिथे ही पळत जाते."
मला हसू आलं. पद्धत ओळखीची होती,
फक्त ओतकाम मी होतो.

गोष्ट अशी, की मी बरा होत होतो.
चार महिन्यांत सीडी-फोर एक्केचाळीसवरून दोनशे सहा,
विषाणू मोजता येऊ नये इतका खाली,
आणि नेमका तेव्हाच ताप चढला.
मानेत लिंबाएवढ्या गाठी.
मी म्हटलं, संपलं, गोळ्या हरल्या.
डॉक्टर टिळे म्हणाले, उलट आहे.
जुना क्षय आत मुकाट पडून होता,
त्याच्याशी भांडायला अंगात कोणी उरलंच नव्हतं.
आता आलेत.

हे मला कळलं.
टाळेबंदी उठल्यावर पहिल्या पाळीत असाच दणदणाट होतो.
परत आलेली माणसं
वर्षभर गंजत पडलेलं सगळं एकदम ठोकायला घेतात.

पडद्यावर मी राखाडी.
मेंदू झगमगत होता, "तो सगळ्यांचाच झगमगतो," डॉक्टर म्हणाले,
मूत्राशयही. त्याचं काही नाही.
पण मानेत, छातीच्या मधोमध, काखेत एक,
रात्री धरणाच्या पलीकडच्या काठाला
वस्तीचे दिवे दिसतात तसं काहीतरी.
मागच्या खेपेला अकरा मोजले होते.
आज सात. त्यातले दोन मिणमिणते.
"सूज उतरतेय. गोळ्या सोडू नका. दोन्हीकडच्या."

निघताना सिस्टरनं बजावलं:
नऊपर्यंत लहान मुलांपासून लांब,
पोटुशीपासून लांब.
एकशे दहा मिनिटांनी अर्धी होते, मग अर्ध्याची अर्धी.

घरी शलाका आलीय बाळंतपणाला. आठवा महिना.
तिला थायरॉईड सांगितलंय.

म्हणून घाटावर, दुतोंड्या मारुतीसमोर बसलोय.
पूर आला की सगळं नाशिक याच्याच अंगावर पाणी मोजतं,
गुडघा, कंबर, छाती.
आज पायाशीही नाही.
एक तोंड इकडे, एक तिकडे.
विचारावंसं वाटतं,
बाबा रे, यातलं बरं होणारं कुठलं
आणि सुजणारं कुठलं?

तीन वर्षं कागद कपाटात दडवून होतो,
आणि तीन वर्षं अंतर ठेवून.
वस्तरा वेगळा, ते ठीकच.
पण पेला वेगळा, उशी वेगळी,
पोरीच्या लग्नात पाठवणीला
तिला जवळ न घेता रिक्षा बघायला गेलो.
कोणी सांगितलं नव्हतं. कोणाला विचारलंही नव्हतं.
आज पहिल्यांदा कोणीतरी मला
तासांत मोजून अंतर दिलं,
संपणारं.

पाचच्या आधी अर्धी झाली असेल.
पावणेसातला पाव.
एक बाई कडेवर पोर घेऊन पाण्याकडे आली,
मी उठून चार पायऱ्या वर सरकलो.
तिनं वळून पाहिलं, तिला काय वाटलं कुणास ठाऊक.

आठ दहाला फोन वाजला.
"बाबा, कुठे आहात? भाकरी गार झाली."
"येतो. रीवर्क चाललंय."
"इतका वेळ?"
"थोडंच राहिलंय."

अजून पन्नास मिनिटं.
मग घरी जाईन, चपला काढीन,
आणि तिच्याच पेल्यातलं पाणी मागीन.
मागीन ना?